पाचवीला कुठं घालायचं?

पालकहो, 1 मेला निकाल हातात पडला की बारामती आणि इंदापूर तालुक्यांत घराघरांत एकच विषय निघतो. पोरीला, पोराला आता कुठं घालायचं? गावची जिल्हा परिषदेची शाळा सातवीपर्यंत आहे, तिथंच राहू द्यावं? की पाचवी ते दहावी सलग असलेल्या अनुदानित हायस्कूलला न्यावं? का शेजारच्या गावातल्या त्या जिल्हा परिषद शाळेत टाकावं, जिच्या शिष्यवृत्तीधारकांचे फोटो चौकातल्या फ्लेक्सवर झळकतात? पिवळ्या व्हॅनचा आणि इंग्रजी माध्यमाचा विषय आज बाजूला ठेवते. आपल्याकडं चांगल्या सरकारी, अनुदानित शाळा एक नाही, अनेक आहेत. त्यांतली आपल्या लेकराला कोणती, एवढंच बोलू.

फ्लेक्सवर मुलांचं कौतुक व्हायलाच हवं, त्यांनी कष्ट केलेत. पण त्यावरचे शब्द नीट वाचा. शिष्यवृत्ती परीक्षा चौथी-सातवीची असो की पाचवी-आठवीची, ती 300 गुणांची असते, 150-150 चे दोन पेपर. दोन्ही पेपरांत किमान 40 टक्के पडले की मूल ‘पात्र’ ठरतं. ‘शिष्यवृत्तीधारक’ मात्र गुणवत्ता यादीत आलेलंच मूल. फ्लेक्सवर हे दोन्ही बऱ्याचदा एकाच मापात मोजलेले असतात. शिवाय ग्रामीण आणि शहरी याद्या वेगळ्या लागतात. त्यामुळं बारामती शहरातली शाळा आणि सुप्याकडची शाळा यांचे आकडे शेजारी ठेवून कोण पुढं, ते ठरवता येत नाही.

खरा प्रश्न फ्लेक्सवर नसतोच. वर्गात मुलं किती आणि परीक्षेला बसवली किती? समजा एका शाळेत 40 मुलं आहेत. त्यांतली 12 निवडून बसवली, बाराही पात्र झाली. निकाल 100 टक्के. दुसऱ्या शाळेनं चाळीसही बसवली, 22 पात्र झाली. निकाल 55 टक्के. पहिलीचं नाव होतं, दुसरीची आठवणही कुणी काढत नाही. पण आपलं लेकरू पहिल्या बारांतलं नसेल, तर त्याला कुठल्या शाळेत जास्त मिळेल? माझं उत्तर दुसरी शाळा. तिथल्या गुरुजींनी शेवटच्या बाकापर्यंत तयारी करून घेतलेली असते.

नवोदयच्या निवडीवरून शाळा जोखणाऱ्यांनाही हेच सांगेन. पिंपळे जगतापच्या नवोदय विद्यालयात सहावीला अख्ख्या जिल्ह्यातून 80 मुलं घेतात. एखाद्या वर्षी आपल्या शाळेतून कुणी लागलं नाही, म्हणून शाळा घसरली असं होत नाही.

आता पाण्याचं बोलते, कारण आपल्या दोन तालुक्यांत शाळांचा निकालही पाण्याबरोबर फिरतो. नीरा डाव्या कालव्याखालच्या माळेगाव, वडगाव निंबाळकर, सणसर पट्ट्यात बऱ्याच घरांत उसाचा पैसा येतो, शिकवणी लावणं परवडतं, अभ्यासाला वेगळी खोली असते. सुपे-मोरगावच्या जिरायती वाड्यावस्त्यांवर तेच मूल जनावरांचं करून शाळेत येतं. दोन्हीकडचा निकाल सारखा लागला, तर माझ्या मते जिरायती भागातल्या शिक्षकांनी जास्त अंतर तोडलंय. मूल शाळेत आलं तेव्हा कुठं होतं आणि शाळेनं त्याला कुठवर नेलं, शाळेची तुलना याच्यावर करावी.

आणि ऊसतोड मजुरांची मुलं? दिवाळीच्या आसपास सोमेश्वर, माळेगाव, भवानीनगरच्या कारखान्यांचा हंगाम सुरू झाला की बीडकडून, नगरकडून टोळ्या येतात. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यानं वर्षाच्या मध्येही, दाखला नसला तरी, मुलाला प्रवेश द्यावाच लागतो. जी शाळा ही मुलं मनापासून वर्गात बसवते, तिची सरासरी खाली येते, कारण ती मार्चनंतर निघून जातात. असल्या शाळेला कमी लेखू नका. परक्या लेकराला जवळ घेणारी बाई तुमच्या लेकरालाही सोडणार नाही.

शाळा बघायला जायचं तर मार्चमध्ये जा, सुट्टी लागली की कुलूप. आणि ध्वजवंदनाच्या नाही, साध्या मंगळवारी जा. पहिल्या नंबरच्या मुलाची वही मागू नका, मधल्या बाकावरच्याची मागा. मी अशाच दोन शाळांतल्या दोन वह्या पाहिल्या होत्या. दोन्हींत एकच चूक: 4032 ला 8 नं भागून मुलानं 54 लिहिलेलं, मधलं शून्य गायब. एका वहीत त्यावर बरोबरची खूण, खाली सही, तारीख. दुसऱ्या वहीत 54 भोवती लाल गोल आणि पुढच्या पानावर बाईंच्या अक्षरात तीन नवी उदाहरणं. तिन्हींच्या उत्तरात मध्ये शून्य येणारी. ती तिन्ही मुलानं बरोबर सोडवली होती. पहिल्या शाळेची इमारत नवी होती, डिजिटल वर्ग होता. मी माझ्या भाचीसाठी दुसरी शाळा सुचवली.

मग शिक्षकांचं विचारा. सहावी ते आठवीला विज्ञान-गणित, भाषा आणि सामाजिक शास्त्र यांना शिक्षक हवेत, वर्गाला किमान एक आणि 35 मुलांमागं एक, असं कायदाच सांगतो. गणिताचे पदवीधर शिक्षक खरंच आहेत की जागा रिकामी आहे? एकाच गुरुजींच्या जिवावर शाळेचं नाव असेल, तर बदली झाल्यावर काय? हायस्कूलला विचारा, आठवीच्या एनएमएमएस शिष्यवृत्ती परीक्षेला सगळी पात्र मुलं बसवता का. वर्षाला 12,000 रुपये, नववी ते बारावी, साडेतीन लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरासाठी ही मोठी गोष्ट आहे. मुलगी लांब जाणार असेल तर एसटीचा अहिल्याबाई होळकर योजनेतला मोफत पास आहे. फक्त गाडी शाळेच्या वेळेला येते का, तेवढं पाहून घ्या.

आणि शाळा ठरली की ती गुरुजींवर सोपवून मोकळे होऊ नका. शाळा व्यवस्थापन समितीत किमान 75 टक्के पालक असतात, निम्मे सदस्य महिला. ही जागा नुसत्या सहीसाठी नाही. शिरूर तालुक्यातली वाबळेवाडीची शाळा नावारूपाला आली ती शिक्षकांच्या पाठीशी गाव उभं राहिलं म्हणून. ताई, जूनमध्ये समितीची सभा लागेल, तेव्हा कांद्याचं काम एक दिवस थांबवा आणि जा. किती मुलं बसवणार, गणिताला कोण आहे, मागच्या बाकावरच्यांसाठी काय करणार, हे सगळ्यांसमोर विचारा आणि उत्तर इतिवृत्तात लिहून घ्या.