इंग्रजीत ‘अहो’ कसे म्हणावे?



भारतात असताना मी बरीच वर्षे शाळेत इंग्रजी शिकवले. तरीही परदेशी राहणाऱ्या मुलाकडे गेले तेव्हा घरातच चुकले. सूनबाई इंग्रजी बोलणारी. मी तिला प्रेमाने म्हणे, “ब्रिंग मी सम वॉटर”, “क्लोज द डोअर”. चार दिवसांनी मुलगा हळूच म्हणाला, “आई, तिला वाटतं तू हुकूम सोडतेस.” माझ्या मनात तर “पाणी आण गं” असे होते. तो ‘गं’ इंग्रजीत उतरलाच नाही!

मराठीत मान क्रियापदातच असतो: दे, द्या, द्याल का. इंग्रजीत लहानथोर सर्वांना एकच ‘यू’. आपल्या हिब्रूत ‘अता’ आणि ‘अत’ आहेत, पण तो भेद स्त्रीपुरुषांचा, मानाचा नव्हे. म्हणून इंग्रजीत विनंतीचा नरमपणा कॅन, कुड, वुड या सहाय्यक क्रियापदांनी आणावा लागतो. नुसते ‘प्लीज’ जोडले की हुकमाची विनंती होतेच असे नाही.

विनंती कशी करावी?

१. कॅन यू क्लोज द डोअर? हे घरच्या माणसांत चालते.

२. कुड यू (किंवा वुड यू) क्लोज द डोअर, प्लीज? हे परक्यांना, वडीलधाऱ्यांना व कचेरीत बोलावे. येथे ‘कुड’ भूतकाळाचा नाही. होकार देताना ‘येस, आय कुड’ म्हणू नये. ‘येस, ऑफ कोर्स’ म्हणावे.

३. वुड यू माइंड क्लोजिंग द डोअर? म्हणजे ‘तुमची हरकत आहे का?’ म्हणून दार लावायला तयार असाल तर उत्तर ‘नो, नॉट ॲट ऑल’. ‘येस’ म्हटले तर हरकत आहे असा अर्थ होईल.

४. मे आय कम इन? ‘मे’ स्वतःसाठी परवानगी मागताना. ‘मे यू क्लोज द डोअर?’ ही विनंती होत नाही.

‘येते’, ‘जमते’ कसे सांगावे?

‘आय कॅन रीड मराठी.’ कॅननंतर ‘टू’ येत नाही. भविष्यकाळी ‘विल कॅन’ नव्हे, ‘विल बी एबल टू’. पूर्वी अंगी असलेले कसब ‘कुड’ने सांगावे: ‘आय कुड स्विम ॲज अ चाइल्ड.’ पण एखाद्या वेळी प्रयत्नाने जमलेले काम असे सांगावे: ‘येस्टरडे आय वॉज एबल टू फाइंड द हाऊस.’ नकारात मात्र दोन्हीकडे ‘कुडन्ट’ चालते.

अभ्यास (इंग्रजीत सांगा):
(अ) जरा मीठ देता का? (ब) मी येथे बसू का? (क) उद्या मला येता येईल.

उत्तरे:
(अ) कुड यू पास मी द सॉल्ट, प्लीज? (ब) मे आय सिट हिअर? (क) आय विल बी एबल टू कम टुमॉरो.

दुसऱ्या दिवशी मी सूनबाईला म्हणाले, “कुड यू गेट मी सम वॉटर, डिअर?” ती हसली, आणि पाण्याबरोबर चहाही घेऊन आली. मग मीही तिला ‘गं’ शिकवला.