एका शब्दाचे दोन अर्थ

माणसांप्रमाणे शब्दांनाही कुळ असते. इंग्रजीतील ‘अ‍ॅप्रोप्रिएशन’ या शब्दाचे कुळ लॅटिन भाषेत सापडते. लॅटिनमध्ये ‘अ‍ॅड’ म्हणजे ‘कडे’ आणि ‘प्रोप्रिउस’ म्हणजे ‘स्वतःचा’. या दोहोंच्या संयोगाने ‘आपलेसे करणे’ या अर्थाचे क्रियापद सिद्ध झाले. मराठी माणसाच्या नित्य बोलण्यात येणारा ‘प्रॉपर्टी’ हा शब्दही याच ‘प्रोप्रिउस’चा वंशज होय.

मध्ययुगीन इंग्लंडात एखाद्या गावच्या चर्चचे उत्पन्न दूरच्या मठाच्या नावे जोडून देत. त्या कृतीस हाच शब्द लावीत. देणाऱ्याच्या दृष्टीने ते ‘नेमून देणे’ होते. मठाच्या दृष्टीने ते ‘आपलेसे करणे’ होते. अशा रीतीने दोन्ही अर्थ एकाच शब्दात नांदू लागले.

पुढे या शब्दाला राज्यकारभारात मोठे महत्त्व आले. पार्लमेंटने कर मंजूर करावा आणि राजाने तो पैसा पुष्कळदा आपल्या मर्जीप्रमाणे खर्चावा, असे चाले. १६६५ साली डच लोकांशी युद्ध चालू असता पार्लमेंटने कायद्यातच अट घातली, की मंजूर केलेला पैसा त्या युद्धाखेरीज अन्य कामी खर्चू नये. १६८८ च्या राज्यक्रांतीनंतर ही प्रथा दृढ झाली. प्रजेच्या पैशावर राजाचा नव्हे, तर प्रजेच्या प्रतिनिधींचा अधिकार आहे, हे तत्त्व तिच्यामुळे रुजले.

भारताच्या संविधानानेही हे तत्त्व स्वीकारले आहे. कायद्याने तशी तरतूद केल्यावाचून सरकारला एकत्रित निधीतून पैसा काढता येत नाही, असे ११४ वे कलम सांगते. राज्यांसाठी असाच नियम २०४ व्या कलमात आहे. या तरतुदीला मराठीत ‘विनियोजन’ म्हणतात. त्याच्या मुळाशी संस्कृत ‘युज्’ म्हणजे ‘जोडणे’ हा धातू आहे. इंग्रजी शब्दाच्या मुळाशी ‘स्वतःचे’ ही कल्पना आहे, तर मराठी शब्दाच्या मुळाशी ‘कामी जोडणे’ ही.

मूळ इंग्रजी शब्दाला ‘मिस’ हा उपसर्ग लागला, की त्याचा अर्थ ‘अपहार’ होतो. शाळेच्या सहलीसाठी जमविलेली वर्गणी सहलीवर खर्च झाली, तर तो विनियोग. जमविणाऱ्याने ती स्वतःच्या कामी लावली, तर तो अपहार. पैसा तोच असतो. परंतु ज्यांचा तो आहे, त्यांची संमती दुसऱ्या व्यवहारात नसते. सार्वजनिक पैसा हाताळणाऱ्या प्रत्येकाने हा भेद ध्यानी ठेवणे अगत्याचे आहे.