आधी पावलं बघ, मग हात

हे बघ गं, चेंडू सारखा उजवीकडे वळतो म्हणून तू मनगटांवर राग काढतेस. पण गोल्फमध्ये हातांची चूक बहुतेक वेळा पावलांपासून सुरू झालेली असते. तू उभी कशी राहतेस ते आधी बघू या.

झेंडा दिसला की आपण खांदे थेट त्याच्याकडे वळवतो, आणि तिथेच फसतो. झेंड्याकडे जायचंय चेंडूला, आपल्याला नाही. आपल्या परभणी जंक्शनवरचे रूळ आठव. चेंडू आणि झेंडा एका रुळावर, तुझी पावलं, कंबर आणि खांदे दुसऱ्यावर. म्हणजे उजव्या हाताने खेळणारीचे खांदे झेंड्याच्या किंचित डावीकडे रोखलेले असायला हवेत. तुझे उजवीकडे जातात.

मग काय होतं? डोळ्यांना झेंडा दिसत असतो, म्हणून शरीर ऐन वेळी दुरुस्ती करायला जातं. हात बाहेरून आत येतात, क्लबचं तोंड उघडं राहतं आणि चेंडू वळतो. तो वळू नये म्हणून तू मग डावीकडे तोंड करून उभी राहतेस, आणि क्लब आणखीच आडवा येतो. या चक्रात हातांना कितीही शिकवलंस तरी उपयोग नाही.

म्हणून क्रम पाळ. चेंडूच्या मागे उभी राहा. झेंड्याच्या रेषेत, चेंडूपुढे हातभर अंतरावर एखादं पान किंवा डाग हेर. आधी क्लबचं तोंड त्यावर रोख, कारण चेंडू कुठल्या दिशेला निघेल हे मुख्यतः तेच ठरवतं. मगच पावलं टाक. शेवटी क्लब खांद्यांवर आडवा धरून बघ. पावलं सरळ असली तरी खांदे दगा देतात.

आता स्विंगचा उतार. गोल्फपटू बेन होगन यांनी १९५७च्या पुस्तकात चेंडूपासून खांद्यांपर्यंत तिरकी काच टेकवल्याची कल्पना मांडली होती. काच सगळ्यांना सारखी नसते. उंच बाईची जास्त उभी, लांब ड्रायव्हरची जास्त आडवी, आखूड वेजची उभी. म्हणून दुसरीच्या स्विंगची नक्कल करू नकोस. एकच खूण तपास: क्लब मागे नेताना डावा हात जमिनीला समांतर झाला की मुठीकडचं टोक चेंडूच्या रेषेकडे रोखलेलं हवं.

परभणीला आलीस की हिरवळ नाही म्हणून सराव थांबवतेस. कशाला? गच्चीवर सुताच्या दोन दोऱ्या समांतर ताण, एक चेंडूची, एक पावलांची. चेंडू न मारता, सावकाश स्विंग कर. कुणाला तरी मागून मोबाइलवर चित्रण करायला सांग, कॅमेरा हातांच्या उंचीवर आणि दोऱ्यांना समांतर ठेवून. कॅमेरा तिरका धरला तर चांगला स्विंगही वाईट दिसतो.

दोऱ्या आत्ताच वापरून घे, कारण स्पर्धेत त्या चालत नाहीत. उभं राहायला मदत व्हावी म्हणून जमिनीवर काठी किंवा क्लब ठेवला तर दंड होतो. २०१९पासून तर खेळाडू पवित्रा घेऊ लागली की कॅडीने, म्हणजे क्लब वाहणाऱ्या मदतनिसाने, तिच्या मागे रेषेत उभं राहून दिशा दाखवणंही बंद झालं. टोकियो ऑलिंपिकमध्ये भारताची गोल्फपटू अदिती अशोक चौथी आली तेव्हा कॅडी तिची आईच होती. पण पावलं टाकायच्या वेळी आईलाही मागून सांगता येत नव्हतं, "जरा डावीकडे सरक गं."

तुलाही तिथे एकटीनेच उभं राहायचंय. म्हणून पुढचा महिनाभर स्विंग बदलायला जाऊ नकोस. रोज नुसतं नीट उभं राहायला शीक. चेंडू तरीही वळला, तर मग हातांचं बघू.