मालिश : कुठं गुण, कुठं घात

ऊसतोडीचा हंगाम लागला की बारामती-इंदापूर भागातल्या वस्त्यांत संध्याकाळी तेलाचा आणि बामचा वास सुटतो. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर, बिजवडी या कारखान्यांच्या आसपासच्या गावांत दिवसभर वाकून आलेली माणसं एकमेकांच्या पाठी चोळत बसतात. डाळिंबाच्या बागेत जाणाऱ्या बायांची मान धरते. बारामतीच्या एमआयडीसीत मशीनवर कपडे शिवणाऱ्या पोरींचे खांदे भरून येतात. घरात बाळंतीण असली तर सकाळी तेलाची वाटी कोमट करून ठेवलेलीच असते. आपल्या घरांत दवाखान्याच्या आधीचं पहिलं औषध म्हणजे मालिश. त्याला पैसे पडत नाहीत, आणि बरंही वाटतं. त्यात गैर काही नाही.

पण मालिशीपायी दुखणं हाताबाहेर गेलेली माणसंही आम्ही वॉर्डात पाहिली आहेत. कुठं चोळावं आणि कुठं हातसुद्धा लावू नये, हे घरातल्या एका तरी माणसाला माहीत असायला हवं. ते घरातल्या बाईला माहीत असलं तर फारच चांगलं.

आधी हे समजून घेऊ की चोळल्याने नक्की होतं काय. जास्त काम पडलेला स्नायू आखडतो, गाठीसारखा लागतो. हाताच्या दाबाने आणि उबेने तो सैल पडतो. कातडीला मायेचा स्पर्श झाला की दुखण्याचा निरोप मेंदूपर्यंत कमी जोराने पोचतो, झोप लागते. एवढंच, पण हे थोडं नाही. मात्र मालिशीने "सरकलेली नस" जागेवर येत नाही, कारण नस मुळात सरकलेलीच नसते. तो आखडलेला स्नायू असतो. मणक्यातली गादी खरंच बाहेर आली असेल तर ती अंगठ्याने दाबून आत जात नाही, उलट दुखणं वाढतं.

उसण भरली की पायाळू माणसाकडून लाथ मारून घ्यायची, हे आपल्याकडे अजून चालतं. जो पायाकडून जन्मला त्याच्या पायात गुण कुठून येणार? खरी गोष्ट अशी की साधी उसण बहुतेकांची काही दिवसांत, फार तर काही आठवड्यांत आपोआप उतरते. लाथ तिसऱ्या दिवशी बसली आणि उसण पाचव्या दिवशी उतरली, की नाव पायाळूचं होतं. उसणीवर खरा उपाय म्हणजे एक-दोन दिवस जड काम टाळणं, गरम शेक, हलकं चोळणं आणि झेपेल तेवढं चालत राहणं. आठ दिवस अंथरुणाला खिळून राहिलं तर कंबर जास्त धरते. आणि पुन्हा मोळी उचलायची वेळ आली तर गुडघ्यात वाकून, ओझं अंगाशी धरून उचला. कमरेतून वाकून झटका देऊ नका.

इथं एक गोष्ट बायांसाठी मुद्दाम लिहितो. कंबर दुखते, अंगावरून पांढरं जातं, म्हणून "पिशवी काढून टाका" असा सल्ला मिळाला तर घाईने होकार देऊ नका. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायांच्या बाबतीत काय घडलं ते २०१९ साली सरकारी समितीच्या पाहणीत पुढं आलं. ८२,३०९ बायांपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. वाकून वाकून दुखणारी कंबर पिशवी काढल्याने राहत नाही. सरकारी दवाखान्यात दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या, मगच ठरवा.

आता बाळ-बाळंतिणीकडे येऊ, कारण सगळ्यात जास्त तेल तिथंच लागतं. बाळाला मालिश चांगली. १९८६ साली अमेरिकेत दिवस न भरता जन्मलेल्या बाळांवर एक अभ्यास झाला. ज्या बाळांना रोज हलक्या हाताने मालिश दिली, त्यांचं वजन इतरांपेक्षा ४७ टक्के जास्त वेगाने वाढलं. जागतिक आरोग्य संघटनाही दिवस भरलेल्या, धडधाकट बाळाला हलकी मालिश करायला हरकत घेत नाही. आपल्या आज्या हे आधीपासून करत होत्या, हे आम्ही मान वर करून सांगतो. पण आज्यांच्या सगळ्याच रीती राखण्यासारख्या नाहीत, हेही तितकंच खरं.

मालिश करायची ती दूध पाजल्यानंतर अर्ध्या-पाऊण तासाने, वारा नसलेल्या उबदार जागी. नखं कापलेली, बांगड्या-अंगठ्या काढलेल्या, हात साबणाने धुतलेले हवेत. खोबरेल किंवा तिळाचं तेल चालतं. नवीन तेल असेल तर आधी बाळाच्या मांडीवर थोडंसं लावून एक दिवस थांबा. पुरळ उठलं तर ते तेल बंद. दाब किती द्यायचा? आपल्या मिटलेल्या पापणीवर बोट फिरवताना जेवढा सोसवतो तेवढाच. दहा-पंधरा मिनिटं पुरतात. बाळ रडायला लागलं तर थांबा, ते त्याच्या भाषेत "पुरे" म्हणतंय. पहिली अंघोळ जन्मानंतर निदान २४ तास नको. नाळेला काहीही लावू नका, ती कोरडीच राहू द्या. कमी वजनाचं किंवा काचपेटीत राहून आलेलं बाळ असेल तर त्याला आधी आईच्या छातीशी, कातडीला कातडी लावून ठेवायचं. मालिश कधी सुरू करायची ते डॉक्टरांना विचारून.

काय करायचं नाही तेही ऐका. नाकात-कानात तेल सोडायचं नाही. नाकातलं तेल फुप्फुसात उतरलं तर न्यूमोनिया होतो. नाक सरळ व्हावं म्हणून ओढणं आणि डोकं गोल व्हावं म्हणून दाबणं बंद करा. काही बाळांच्या छातीच्या गाठी फुगतात, त्यातून दुधासारखं पाणी येतं. आईच्या रक्तातून आलेल्या संप्रेरकांमुळे ते होतं आणि आपोआप जिरतं. ते पिळून काढलं की तिथं पू धरतो. पाय धरून उलटं लटकवणं, वर उडवणं, दोन हात मागं नेऊन पाठीवर मिळवणं यानं हाडं बळकट होत नाहीत. बाजेखाली शेगडी ठेवून धुरी दिली तर बाळाच्या छातीत धूर जातो आणि भाजण्याची भीती वेगळीच.

टाळूचं वेगळं सांगायला हवं. टाळूवर थोडं तेल लावलं तर बिघडत नाही, पण दाबायचं नाही. "टाळू पडली" म्हणून कुणी तेल भरत बसलं असेल तर आधी विचारा, बाळाला जुलाब होताहेत का, लघवी कमी झाली का. खोल गेलेली टाळू म्हणजे अंगातलं पाणी कमी झालंय. तिथं तेलाचा उपयोग नाही, आईचं दूध, मीठ-साखरेचं पाकीट आणि दवाखाना हवा. आणि ताप असून टाळू फुगलेली दिसली तर एक तासही घरी थांबू नका.

बाळंतिणीची पाठ, खांदे, हात चोळायला हरकत नाही. सिझर झालं असेल तर टाके पूर्ण भरेपर्यंत पोटावर हात नको, आणि पोट करकचून बांधणं नको. पण खरी भीती पोटरीची आहे. बाळंतपणानंतर सहा आठवडे रक्त गोठण्याची ओढ जास्त असते, सिझरनंतर आणखी जास्त. एकाच पायाची पोटरी सुजली, गरम लागते, लालसर दिसते, टेकवलं की कळ येते, तर आत शिरेत रक्ताची गुठळी असू शकते. अशी पोटरी चोळली तर गुठळी सुटून फुप्फुसात जाऊन अडकते आणि माणूस उभ्याउभ्या जाऊ शकतो.

इंदापूर तालुक्यातल्या एका वस्तीत सिझर होऊन बारा दिवस झालेल्या मुलीची डावी पोटरी सुजली. मालिशवाल्या मावशींनी तेल हातावर घेतलंही होतं. मग त्यांनी दोन्ही पोटऱ्यांना सुतळी लावून पाहिली, फरक दिसला तशी वाटी खाली ठेवली आणि आशाताईंना फोन लावला. त्याच दिवशी पायाची डॉपलर सोनोग्राफी झाली, गुठळी निघाली, रक्त पातळ करणारं औषध सुरू झालं. मुलगी आज ठीक आहे. मावशी चौथीपर्यंत शिकलेल्या, पण सुतळीने मापायचं त्यांनी आमच्या एका बैठकीत ऐकून ठेवलं होतं. हाडांचं मोठं ऑपरेशन झालेला किंवा बरेच दिवस पडून असलेला माणूस असेल तर त्यालाही हाच नियम लागू.

हाड बसवणाऱ्यांविषयी आम्ही कडक बोलतो, राग आला तरी चालेल. मुका मार असेल तर चोळून घेतलंत, ठीक. पण पडल्यावर हात वाकडा दिसतोय, सूज भराभर चढतेय, बोटाने दाबलं तर एकाच जागी मरणाची कळ येते, तर ते मोडलेलं हाड आहे. एक्स-रे आधी. बांबूच्या कामट्या लावून आवळून बांधलं की आत सूज वाढते आणि रक्त पुढं जात नाही. बोटं थंड, निळी किंवा बधिर पडली, दुखणं वाढतच गेलं, तर पट्टी ताबडतोब सैल करा आणि निघा. रक्त बंद झालं तर साधारण सहा तासांत स्नायू मरायला लागतो. पोराचा हात कापायची वेळ येते ती बहुतेकदा "सकाळी बघू" म्हणाल्यामुळे. बारामतीत सिल्व्हर ज्युबिली उपजिल्हा रुग्णालय आहे, शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. इंदापुरात उपजिल्हा रुग्णालय आहे. गाडी नसेल तर १०८ फिरवा.

मानेला झटका देऊन "कट्ट" वाजवणं तर केस कापायच्या दुकानात फुकट मिळतं, आणि मोबाइलवर तसले व्हिडिओ पोरं तासन्‌तास बघतात. आवाज आला म्हणजे काही जागेवर बसलं असं नाही, सांध्यातल्या पाण्यात हवेचा बुडबुडा झाला एवढंच. मानेतून मेंदूला जाणाऱ्या रक्तवाहिन्या मणक्यांतून वर जातात. झटक्याने त्यांची आतली कड फाटली तर लकवा होऊ शकतो. डोक्याची चंपी खुशाल करून घ्या, मान मात्र वाजवू देऊ नका. चंपीवरून आठवलं, "शॅम्पू" हा शब्द आपल्याकडच्या चांपण्यावरूनच इंग्रजीत गेला. पाटण्याचा दीन मोहंमद नावाचा माणूस दोनशे वर्षांपूर्वी इंग्लंडात ब्रायटनला जाऊन गोऱ्या लोकांचं अंग चोळून देत होता आणि थेट राजाच्या नोकरीला लागला.

पोटाचं थोडक्यात. "बेंबी सरकली" म्हणून पोट चोळायचं नाही. उजव्या बाजूला खाली कळ, ताप, उलटी असेल तर अपेंडिक्स असू शकतं, दाबाने ते आत फुटतं. साखरेचा आजार असलेल्यांच्या तळपायाला भाजलेलं कळत नाही, त्यांना गरम तेल आणि गरम पाण्याची पिशवी नको.

पाठदुखीत तीन खुणा दिसल्या तर तेल बाजूला ठेवा. पहिली, दोन-तीन आठवडे पाठ दुखतेय, संध्याकाळी बारीक ताप येतो, वजन उतरतंय : मणक्याचा क्षयरोग असू शकतो. क्षयरोग फक्त छातीत होतो असं नाही. तपासणी आणि औषध सरकारी दवाखान्यात फुकट आहे, आणि उपचार चालू असताना खाण्यासाठी महिना १,००० रुपये खात्यात येतात. दुसरी, कंबरदुखीबरोबर पायातली ताकद गेली, चप्पल पायातून निसटते. तिसरी, बसायची जागा बधिर झाली, लघवी-संडास कळेना. शेवटच्या दोन्हींत त्याच दिवशी दवाखाना.

आता मालिश करणाऱ्या बायांविषयी. बलुतेदारीत अंग रगडणं न्हाव्याच्या वाट्याला आलं आणि सुईणपण बऱ्याच गावांत महार-मातंग बायांच्या वाट्याला. आमच्या म्हाताऱ्या सांगतात, ज्या घरात पाण्याच्या हंड्याला हात लावू देत नव्हते, त्याच घरातलं बाळ पहिल्यांदा आमच्याच हातात यायचं, आणि बाराव्या दिवसानंतर तो हात पुन्हा बाटका व्हायचा. आजही आपल्या वस्त्यांतल्या कितीतरी जणी शहरातल्या सोसायट्यांत बाळ-बाळंतीण न्हाऊ घालायला जातात. चाळीस दिवस राबल्यावर साडी-चोळी आणि मालकिणीच्या मर्जीचे पैसे. आमचं म्हणणं आहे, दर आधी ठरवा, रोजावर ठरवा, साडी त्याच्या वर. हे कसबाचं काम आहे, उपकाराचं नाही. आणि स्वतःचे हात सांभाळा. सगळा दाब अंगठ्याने दिला की दोन-चार वर्षांत अंगठ्याचा सांधा जातो. तळहात आणि कोपराखालचा हात वापरा, जमिनीवर वाकून बसण्यापेक्षा बाजेच्या उंचीवर काम करा. ज्या पोरींना यात पुढं शिकायचंय त्यांनी बारावी सायन्सनंतरचा फिजिओथेरपीचा पदवी कोर्स बघावा. पंधरा दिवसांच्या "मसाज कोर्स"ला पैसे भरू नयेत.

शंका असतील तर विचारायच्या कुणाला? बाळंतपण दवाखान्यात झालं असेल तर आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी येतात. त्या दिवशी मालिशवालीलाही घरी बोलवून ठेवा, दोघींचं समोरासमोर बोलणं होऊ द्या. अंगणवाडीत महिन्यातून एकदा आरोग्य-पोषण दिवस असतो, तिथं नर्सताई भेटतात. आणि आमची सूचना अशी की महिन्यातल्या एका रविवारी दुपारी विहारात तासभर बसावं. वस्तीतल्या जुन्या मालिशवाल्या, नव्या आया, आशाताई आणि जमल्यास एखादी फिजिओथेरपिस्ट. एकीने करून दाखवावं, बाकीच्यांनी विचारावं. पुरुषांनीही यावं, रात्री पाठ त्यांचीही चोळून घ्यायची असते. पहिल्या बैठकीला तीन गोष्टी आणा : एक बाहुली, तेलाची वाटी आणि पोटरी मापायला सुतळी.