पोत्यात आहे तरी काय?

सोनाराकडे डाग नेला, तर तो नुसता डोळ्यांनी पाहून भाव सांगत नाही. आधी तो काळ्या कसोटीवर घासतो. उमटलेल्या रेघेवर तेजाब सोडतो. सोन्याची रेघ टिकते, पितळेची विरून जाते. दिसायला दोन्ही पिवळी, पण तेजाबापुढे दोघांची वागणूक निराळी.

पदार्थ ओळखण्याची हीच रीत आहे. रूप पाहून भुलू नये. पदार्थ कसा वागतो ते करून पाहावे. शास्त्रात याला रासायनिक पृथक्करण म्हणतात.

आमच्या जुन्नर-आंबेगावात ही विद्या रोजच्या कामाची आहे. नारायणगावकडे द्राक्षांचे मळे आहेत, सातगाव पठारावर बटाटा होतो. खते-औषधे पोत्यांनी लागतात. पोत्यात भलतेच निघाले, तर पैसा जातो आणि हंगामही जातो. पैसा एकवेळ पुन्हा मिळेल, गेलेला हंगाम मिळत नाही. म्हणून तीन सोप्या खुणा सांगतो. मात्र जिभेवर काही ठेवू नका. मोरचूद विष आहे.

१. मोरचूद

मोरचूद म्हणजे तांब्याचा क्षार. काचेच्या जुन्या बाटलीत पाणी घ्या. चिमूटभर मोरचूद विरघळवा. घासून लख्ख केलेला लोखंडी खिळा त्यात बुडवा. थोड्या वेळाने खिळ्यावर तांबडा थर चढेल. ते तांबे होय. लोखंड पाण्यात उतरते आणि तांबे बाहेर येऊन त्यावर बसते.

हीच खूण बोर्डो मिश्रणाला लावतात. बोर्डो हा फ्रान्समधला द्राक्षांचा मुलूख. तिथल्या मिलार्दे या शास्त्रज्ञाने १८८५ साली हे औषध प्रसिद्ध केले. द्राक्षावरच्या केवड्यावर ते चालते. १०० लिटर पाण्याला १ किलो मोरचूद व १ किलो चुना लागतो. दोन्ही प्लास्टिकच्या भांड्यांत वेगवेगळे कालवून मग एकत्र करतात. तयार मिश्रणात घासलेला विळा बुडवावा. पाते तांबडे झाले, तर मोकळे तांबे उरले आहे. तसेच फवारले तर पाने करपतात. अशा वेळी चुन्याचे पाणी आणखी घालावे आणि पाते स्वच्छ निघेपर्यंत पुन्हा पाहावे.

२. डीएपी

चार दाणे तळहातावर घ्या. तंबाखू मळतो तसे चुन्याबरोबर मळा. नाकाला झोंबणारा उग्र वास आला, तर त्यात अमोनिया आहे. वास आलाच नाही, तर ते डीएपी नव्हे. पण एक ध्यानात ठेवा. नवसागरालाही चुना लावला की असाच वास येतो. म्हणजे वासाने अमोनिया कळला, स्फुरद कळला नाही.

३. पालाश

पांढरे पालाश खत मिठासारखे दिसते. स्वच्छ तारेच्या टोकावर ओला कण घेऊन गॅसच्या निळ्या ज्योतीत धरा. मिठाने ज्योत पिवळी होते, पालाशाने फिकट जांभळी. पण थोडेसे मीठसुद्धा जांभळा रंग झाकून टाकते. म्हणून प्रयोगशाळेत निळ्या काचेतून पाहतात. चांगल्या खतातही मिठाचा थोडा अंश असतो. तेव्हा पिवळे दिसले म्हणून लगेच दुकानदाराला चोर म्हणू नये.

या घरगुती खुणांनी संशय येतो. पक्का निकाल लागत नाही. कोणता घटक किती, हे प्रयोगशाळाच सांगते. खताची पावती व पिशवी जपून ठेवा. संशय आला, तर पंचायत समितीतल्या कृषी अधिकाऱ्यांना कळवा. खत निरीक्षक नमुना घेऊन मोहोरबंद करतात व तपासणीस पाठवतात. पुण्यात अशी सरकारी प्रयोगशाळा आहे. १९८५ च्या खत नियंत्रण आदेशाने हा हक्काचा मार्ग दिला आहे.

डोळ्यांनी पाहावे, हातांनी पडताळावे, मगच बोलावे.

प्रश्न

१. विळ्याचे पाते तांबडे झाले तर काय करावे?
२. चुन्याच्या वासाने काय कळते? काय कळत नाही?
३. पावती का जपावी?