समुद्रापलीकडची नाती

मुलांनो, रविवारी बाजारात गेल्यावर तुम्ही गरम गरम दालपुरी खाल्ली असेल. आज तिचाच थोडा विचार करू या. दालपुरीचे पीठ गव्हाचे असते. मॉरिशसमध्ये गहू पिकत नाही. तो जहाजातून येतो. आत भरलेली डाळही बाहेरच्या देशातून येते. हळद आणि जिरे बहुधा भारतातून आलेले असतात. वर चहा घेतला, तर त्यातली दुधाची पूड न्यूझीलंडची असू शकते. साखर मात्र आपल्याच शेतातल्या उसाची!

पाहिलेत ना? एक दालपुरी आणि कपभर चहा. पण त्यासाठी कितीतरी देशांचे हात लागले.

मॉरिशस बेट लहान आहे. त्याचे क्षेत्रफळ सुमारे 1,865 चौरस किलोमीटर आहे. चारी बाजूंना समुद्र आहे. हा समुद्र आपल्याला जगापासून वेगळे करतो, असे तुम्हांला वाटेल. पण पोर्ट लुई बंदरात उभे राहून पाहा. समुद्र ही आपली वाटच आहे. याच वाटेने माणसे आली, माल आला आणि माल गेला.

घराघरांत जशी नाती असतात, तशी देशादेशांतही असतात. ती कशी जुळतात आणि कशी टिकतात, ते या पाठात पाहू.

माणसे येतात

2 नोव्हेंबर 1834 रोजी 'अ‍ॅटलस' नावाचे जहाज पोर्ट लुईला लागले. त्यातून 36 भारतीय मजूर उतरले. ते कलकत्त्याहून आले होते. त्या काळी आपल्या बेटावर ब्रिटिशांचे राज्य होते. 1 फेब्रुवारी 1835 रोजी येथील गुलामगिरी कायद्याने संपली. मग उसाच्या मळ्यांत राबायला माणसे हवी होती. म्हणून भारतातून मजूर आणले जाऊ लागले. कलकत्ता, मद्रास आणि मुंबई या बंदरांतून जहाजे सुटू लागली. मुंबईच्या जहाजांतून कोकणातली मराठी माणसेही आली. पुढच्या काळात एकूण सुमारे साडेचार लाख लोक असे आले.

बंदरावर उतरल्यावर त्यांना 16 दगडी पायऱ्या चढाव्या लागत. त्या जागेला आज आपण आप्रवासी घाट म्हणतो. 2006 साली युनेस्कोने या जागेची जागतिक वारसा म्हणून नोंद केली. घाटावर प्रत्येकाला एक क्रमांक मिळे. त्या नोंदवह्या मोका येथील महात्मा गांधी संस्थेत जपून ठेवल्या आहेत. तुमच्या पणजोबांच्या आजोबांचे नावही कदाचित तिथे असेल!

मजुरांनी करारावर अंगठा उठवलेला असे. या कराराला ते 'गिरमिट' म्हणत. पण अनेकांना त्यात काय लिहिले आहे ते वाचता येत नव्हते. एक दिवस कामावर गेले नाही, तर दोन दिवसांचा पगार कापला जाई. असा नियम योग्य होता का? तुम्हीच सांगा.

त्या वेळी एका माणसाला हे सहन झाले नाही. त्यांचे नाव आदोल्फ द प्लेवित्झ. ते स्वतः युरोपीय होते आणि एका मळ्याचा कारभार पाहत होते. पण त्यांनी मजुरांची बाजू घेतली. 1871 साली त्यांनी मजुरांचा एक अर्ज तयार केला. त्यावर 9,401 जणांची नावे होती. अर्ज सरकारपुढे गेला. पुढच्याच वर्षी ब्रिटिश सरकारला चौकशीसाठी आयोग नेमावा लागला.

आपल्या पूर्वजांनी पेटीत फार काही आणले नव्हते. पण भाषा आणली, सण आणले, झाकरीचा ताल आणला. म्हणूनच आज गणेश चतुर्थीला साऱ्या मॉरिशसला सुट्टी असते, आणि म्हणूनच तुम्ही हा पाठ मराठीत वाचत आहात.

देश बोलतात

शेजाऱ्याशी काम असले, तर आपण त्याच्या दारात जाऊन बोलतो. देशांनाही एकमेकांशी बोलावे लागते. त्यासाठी एक देश दुसऱ्या देशात आपला प्रतिनिधी पाठवतो. त्याला राजदूत म्हणतात. भारत आणि मॉरिशस हे दोन्ही देश राष्ट्रकुलाचे सदस्य आहेत. राष्ट्रकुलातील देश एकमेकांकडे पाठवलेल्या राजदूतांना उच्चायुक्त म्हणतात. आपला देश 1968 साली स्वतंत्र झाला. पण त्याच्या वीस वर्षे आधीच, 1948 साली, भारताने आपला प्रतिनिधी येथे नेमला होता.

12 मार्च हा आपला स्वातंत्र्यदिन. हीच तारीख का, ठाऊक आहे? 12 मार्च 1930 रोजी महात्मा गांधींनी मिठाच्या सत्याग्रहासाठी दांडीयात्रा सुरू केली होती. तिची आठवण आपल्या देशाने अशी जपली आहे.

बोलण्यात किती बळ असते, याचे एक उदाहरण पाहा. 1965 साली, आपण स्वतंत्र होण्याआधी, ब्रिटनने चागोस बेटे मॉरिशसपासून वेगळी केली. 1968 ते 1973 या काळात तिथल्या रहिवाशांना आपली घरे सोडावी लागली. आपल्या देशाला सैन्य नाही. मग आपण काय केले? आपण जगापुढे आपली बाजू मांडत राहिलो. 2019 साली आंतरराष्ट्रीय न्यायालयाने मत दिले, की ही बेटे वेगळी करणे कायद्याला धरून नव्हते. त्याच वर्षी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत 116 देशांनी आपल्या बाजूने मत दिले. विरुद्ध फक्त 6 देश होते. 22 मे 2025 रोजी ब्रिटन आणि मॉरिशस यांनी एका करारावर सह्या केल्या. ही बेटे मॉरिशसची आहेत, हे त्या करारात मान्य केले आहे.

लहान देशाचा आवाजही ऐकला जातो. पण त्यासाठी धीर लागतो.

माल जातो, माल येतो

एका देशाने दुसऱ्या देशाला माल विकणे, याला निर्यात म्हणतात. बाहेरचा माल विकत घेणे, याला आयात म्हणतात.

बरीच वर्षे आपली मुख्य निर्यात एकच होती. ती म्हणजे साखर. 1975 साली युरोपातील देशांशी करार झाला. त्यानुसार दरवर्षी सुमारे 5 लाख टन साखर ते ठरलेल्या चांगल्या भावाने घेऊ लागले. त्या पैशातून देशात कितीतरी कामे झाली. पण 2006 पासून तो भाव उतरू लागला. तो एकूण 36 टक्क्यांनी कमी झाला, आणि 2009 साली हा करारही संपला. अनेक साखर कारखाने बंद पडले.

मग आपण हात जोडून बसलो का? नाही. एका खांबावर घर उभे राहत नाही, हे आपल्या देशाने आधीच ओळखले होते. 1970 सालापासून कपड्यांचे कारखाने निघू लागले होते. पर्यटक येऊ लागले होते. साखर कारखान्यांनी खास प्रकारची साखर बनवायला सुरुवात केली. उसाच्या चिपाडांपासून वीजही तयार होऊ लागली. 1 एप्रिल 2021 पासून भारताबरोबर नवा व्यापार करार लागू झाला. आफ्रिकेतील देशाशी भारताने केलेला असा हा पहिलाच करार होता.

पैसा कामाला लागतो

समजा, तुमच्या काकांना दुकान काढायचे आहे. पैसे कमी पडतात. एक मित्र म्हणतो, "हे घ्या, परत देऊ नका." ही झाली मदत. दुसरा म्हणतो, "पैसे देतो, पण थोडेथोडे करून परत करा." हे झाले कर्ज. तिसरा म्हणतो, "मी पैसे घालतो, नफ्यात मला वाटा द्या." ही झाली गुंतवणूक.

देशही असेच करतात. आपली मेट्रो तुम्ही पाहिली असेल. तिचा पहिला टप्पा, पोर्ट लुई ते रोझ हिल, 2019 मध्ये पूर्ण झाला. पुढे ती क्यूरपिपपर्यंत गेली. तिच्यासाठी भारताने काही पैसा मदत म्हणून दिला आणि काही कर्ज म्हणून. बांधकाम मुंबईच्या एका कंपनीने केले. डबे स्पेनच्या कंपनीचे आहेत. भारताच्या त्याच मदतीत प्राथमिक शाळेतील मुलांसाठी टॅबलेटही होते.

मदत घेण्यात कमीपणा नाही. मात्र कर्ज घेताना ते कसे फेडायचे, याचा विचार आधी करावा लागतो. आणि आपणही फक्त घेत नाही. मॉरिशसच्या कंपन्यांनी मादागास्करमध्ये कपड्यांचे कारखाने काढले आहेत. तिथे आपला पैसा कामाला लागला आहे.

अडचणीच्या वेळी

खरे नाते अडचणीत कळते. 25 जुलै 2020 रोजी 'वाकाशिओ' नावाचे मोठे जहाज आपल्या आग्नेय किनाऱ्यावरील प्रवाळांवर अडकले. जहाज जपानी मालकाचे, निशाण पनामाचे आणि कप्तान भारतीय! 6 ऑगस्टला त्यातून तेल गळू लागले. सुमारे 1,000 टन तेल समुद्रात पसरले. निळे पाणी काळे झाले. मासे पकडून पोट भरणाऱ्या लोकांच्या होड्या किनाऱ्यावर उभ्या राहिल्या.

माएबुर्ग आणि आसपासच्या गावांत लोक धावून आले. त्यात मुलेही होती. त्यांनी उसाचा पाला कापडात भरून लांब लांब पिशव्या शिवल्या. तेल अडवण्यासाठी त्या पाण्यात सोडल्या. मग रीयुनियन बेटावरून फ्रान्सची मदत आली. जपानने तज्ज्ञ पाठवले. भारताने विमानातून 30 टन साहित्य आणि तटरक्षक दलाचे 10 जण पाठवले.

पुढच्या वर्षी, 22 जानेवारी 2021 रोजी, भारताने कोरोनाच्या लशीचे 1 लाख डोस आपल्याला भेट दिले. ती लस पुण्यात बनलेली होती.

या घटनेतून दोन गोष्टी लक्षात ठेवा. आपले घर सावरायला आधी आपणच उठावे लागते. आणि जोडलेली नाती वेळेला उपयोगी पडतात.

तुमचे काम

देशांची नाती मंत्री आणि राजदूतच सांभाळतात, असे समजू नका. तुमच्याकडेही एक काम आहे.

आज बांगलादेश, भारत, नेपाळ आणि मादागास्कर येथून माणसे आपल्याकडे कामाला येतात. कोणी कपडे शिवतात, कोणी घरे बांधतात, कोणी पहाटे पाव भाजतात. त्यांनीही करारावर सही केलेली असते. त्यांचीही मुले दूर, समुद्रापलीकडे असतात. बसमध्ये कधी त्यांच्यापैकी कोणी तुमच्या शेजारी बसले असेल. त्यांच्या बोलण्याला कोणी हसलेही असेल.

तेव्हा त्या 16 पायऱ्या आठवा. एके काळी त्या पायऱ्या चढणारी माणसे आपली होती. त्यांचे बोलणेही येथे कोणाला कळत नव्हते. तेव्हा एक द प्लेवित्झ त्यांच्या बाजूने उभे राहिले.

आता पायऱ्यांच्या वर आपण उभे आहोत. खालून येणाऱ्याला आपण कसे वागवणार?

शब्दार्थ

पूर्वज – आपल्या आधीच्या पिढ्यांतील माणसे
करार – दोघांनी मान्य केलेल्या अटी
प्रतिनिधी – दुसऱ्यांच्या वतीने बोलणारा
चिपाड – रस काढल्यावर उरलेला उसाचा भाग
तटरक्षक दल – समुद्रकिनाऱ्याचे रक्षण करणारे दल

स्वाध्याय

1. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) 'अ‍ॅटलस' जहाज पोर्ट लुईला केव्हा लागले?
(आ) 12 मार्च ही तारीख कोणत्या घटनेची आठवण देते?
(इ) उसाच्या चिपाडांपासून काय तयार होते?

2. फरक सांगा.
(अ) आयात आणि निर्यात
(आ) मदत, कर्ज आणि गुंतवणूक

3. 'एका खांबावर घर उभे राहत नाही,' असे पाठात का म्हटले आहे? चार-पाच वाक्यांत लिहा.

4. घरात पाहा आणि लिहा : स्वयंपाकघरातील पाच वस्तूंवरील चिठ्ठ्या वाचा. कोणती वस्तू कोणत्या देशातून आली, याचा तक्ता तयार करा.

5. आजी-आजोबांना विचारा : आपल्या घरातील माणसे मॉरिशसला कोठून आली? त्यांनी सांगितलेली माहिती वर्गात सांगा.