भोंग्याचा स्वर आणि हृदयाचा प्रवाह

कांदिवली स्थानकाच्या फलाटावर, कडेपासून दूर उभे राहून, तेथे न थांबणाऱ्या गाडीचा भोंगा ऐका. गाडी जवळ येताना त्याचा स्वर चढा असतो. ती पुढे जाताच तो उतरतो. या फरकावरून गाडीचा वेग काढता येतो. डॉप्लर या शास्त्रज्ञाने 1842 मध्ये मांडलेला हाच परिणाम दुबळ्या हृदयाची परीक्षा घ्यायला उपयोगी पडतो.

चारकोपला आमच्या शेजारी राहणाऱ्या काकांचे हृदय फार अशक्त झाले आहे. 'टूडी एको'च्या अहवालात 'इजेक्शन फ्रॅक्शन 20 टक्के' असे लिहिले होते. औषधांनी तीन महिन्यांत ते जिना चढू लागले. पुन्हा तपासणी केली, तर आकडा 20च! काकूंनी विचारले, "सर, यंत्र चुकलं का हो?"

यंत्र चुकले नव्हते. निरोगी डाव्या निलयात समजा 120 मिलिलिटर रक्त भरते व त्यातले 72 बाहेर पडते. म्हणजे 60 टक्के. काकांचे निलय ताणून मोठे झाले आहे. त्यात 240 भरते, 48 बाहेर पडते. म्हणजे 20 टक्के. (आकडे सोयीसाठी गोल केले आहेत.) टक्केवारी तिसऱ्या हिश्शावर आली, पण रक्त दोन तृतीयांश आहे! शिवाय हे 48 मिलिलिटर कोठे जाते, ते टक्केवारी सांगत नाही. ताणलेल्या निलयाची झडप नीट मिटत नाही आणि काही रक्त मागे, अलिंदात परतते.

पुढे किती गेले, हे डॉप्लर सांगतो. छातीवरून सोडलेला श्राव्यातीत ध्वनी वाहत्या रक्तपेशींवरून परावर्तित होतो. ध्वनीची वारंवारता 25 लाख हर्ट्झ व रक्ताचा वेग सेकंदाला 1 मीटर असेल, तर फरक सुमारे 3200 हर्ट्झ पडतो. तो आपल्या कानांना ऐकू येतो. यंत्रातून येणारा 'सूंऽ सूंऽ' आवाज हाच. या वेगावरून एका ठोक्यात रक्ताचा स्तंभ किती सरकला ते काढतात. महाधमनीच्या तोंडाशी व्यास 2 सेंटिमीटर, म्हणजे क्षेत्रफळ 3.14 चौरस सेंटिमीटर. स्तंभ 10 सेंटिमीटर सरकला, तर 31 मिलिलिटर रक्त पुढे गेले. 14 सरकला, तर 44.

हृदयावर प्रतिध्वनीचा पहिला प्रयोग 1953 मध्ये स्वीडनमध्ये एड्लर या डॉक्टरांनी व हर्ट्झ या भौतिकीतज्ज्ञाने केला. त्याआधी हर्ट्झने जहाजबांधणीच्या कारखान्यातले, धातूतील दोष शोधणारे यंत्र वापरून पाहिले होते. आम्हा भौतिकीवाल्यांना याचा थोडा अभिमान वाटतो! फेब्रुवारी 1968 मध्ये मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी हृदयारोपण केले. त्या काळी हृदयातला प्रवाह मोजायला रक्तवाहिनीतून नळी आत सरकवावी लागे. हृदयारोपणाचा निर्णय घेताना ती आजही वापरतात; पण वरचेवर नळी कोण घालून घेईल?

या रीतीत एक खोच आहे. व्यास 2 ऐवजी 1.8 धरला गेला, तर क्षेत्रफळ 19 टक्क्यांनी घटते, करून पाहा. व्यासाचा वर्ग होतो ना! म्हणून त्याच रुग्णाच्या दोन तपासण्यांची तुलना करताना स्तंभाचे अंतरच पाहणे बरे. महाधमनीचे तोंड तीन महिन्यांत सहसा बदलत नाही.

काकांच्या अहवालात हे अंतर खालच्या ओळीत होते. पूर्वी 10, आता 14. काकूंना मी तेवढी ओळ दाखवली.